मोतीचा गुडघा

लहान जातीच्या कुत्र्यांत गुडघ्याची वाटी खोबणीतून सरकण्याचा दोष पुष्कळदा उपजतच असतो. आमच्या पॉमेरेनियन मोतीलाही तो होता. चौथ्या वर्षी अकोल्यास शस्त्रक्रिया झाली. हाडातील खोबण खोल करून वाटी जागेवर बसविण्यात आली. पाय सुधारला, तथापि वयाबरोबर सांधा झिजणारच, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते.

आज मोती १३ वर्षांचा आहे. बुलढाण्याच्या थंडीत सकाळी त्याचा पाय आखडतो. गुळगुळीत फरशीवर आम्ही गोणपाट अंथरले आहे, पायऱ्यांवर फळीचा उतार केला आहे. भाकरी मोजून देतो, कारण वाढल्या वजनाचा भार गुडघ्यावरच येतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास घातक ठरू शकतात. म्हणून औषध पशुवैद्यांच्याच सल्ल्याने देतो.

आता दुसऱ्या पायाची वाटीही सरकते. या वयात पुन्हा भूल द्यावी काय, यावर आम्हां उभयतांत अनेक दिवस विचार चालला. पशुवैद्यांशी बोलून अखेर शस्त्रक्रिया न करण्याचे ठरविले. वेदना कमी राहावी, एवढेच आता पाहतो.

पूर्वी तो आम्हांस ओढीत फिरावयास नेई. आता तो थांबेल तेथे आम्ही थांबतो.