मशीन फास्ट आहे, मग काय!

कोड रिव्ह्यूमध्ये एखाद्या बेढब लूपवर बोट ठेवलं की ठरलेलं उत्तर येतं, "सर, मशीन फास्ट आहे, चालून जाईल." खरं सांगायचं तर बहुतेक वेळा चालून जातंही. महिनाअखेरीचा रिपोर्ट दोनऐवजी चार सेकंदांत आला म्हणून कुणाचं काही अडत नाही. अशा जागी कोड वाचणाऱ्याला कळेल असा लिहा, वेगाच्या मागे लागू नका, हे मीच नव्या मुलांना सांगतो. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय की, शंभरातल्या सत्त्याण्णव जागी किरकोळ बचतीचा विचार सोडून द्यावा. उरलेल्या तीन जागा मात्र हातच्या घालवू नका, असंही त्यांनी लगेच पुढे म्हटलंय. हे पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. सोयीचं तेवढंच पाठ होतं, त्याला काय करणार!

त्या तीन जागांबद्दल बोलू. जॉन बेंटली यांनी १९८०च्या दशकात 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' या लेखमालेत एक विषम सामना लावला होता. आकड्यांची यादी आहे, काही अधिक, काही उणे. त्यातल्या कोणत्या सलग तुकड्याची बेरीज सर्वांत जास्त भरते, ते शोधायचं. सरधोपट रीत अशी: प्रत्येक सुरुवात घ्या, प्रत्येक शेवट घ्या, मधली बेरीज दरवेळी नव्याने करा. यादी दहापट झाली की काम हजारपट होतं. दुसऱ्या रीतीत यादीवरून एकदाच जायचं. बेरीज चालू ठेवायची, ती शून्याखाली गेली की टाकून द्यायची आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी बेरीज तेवढी लक्षात ठेवायची. पहिली रीत बेंटलींनी क्रे-१ या सुपरकॉम्प्युटरला दिली. दुसरी दिली टीआरएस-८० या घरगुती मशीनला, तीही रडतखडत चालणाऱ्या बेसिकमध्ये. हजार आकड्यांना क्रेला तीन सेकंद, टीआरएस-८०ला वीस. दहा हजारांना क्रेला ४९ मिनिटं, टीआरएस-८०ला तीन-सव्वातीन. दहा लाखांचा हिशेब मांडला, तर क्रेला ९५ वर्षं आणि टीआरएस-८०ला साडेपाच तास.

हा तक्ता आजच्या काळात आणून बघा. क्रेच्या हजारपट वेगवान मशीन घेतलं, तरी तीच सरधोपट रीत दहा लाख आकड्यांना जवळपास ३५ दिवस खाईल. माळ्यावरचा टीआरएस-८० त्याच्या कितीतरी आधी काम उरकून मोकळा! हजारपट वेगाचे पैसे मोजून पदरात काय पडलं, तर फक्त दहापट लांब यादी. त्यातून २००५च्या सुमारास प्रोसेसरच्या घड्याळाची घोडदौडही थांबली. तेव्हापासून मुख्यतः कोअर वाढत गेले, आणि एकाच धाग्यात चालणारा प्रोग्रॅम बाकीच्या कोअरकडे ढुंकूनही बघत नाही.

पण माझ्या रोजच्या कामात दुखणं बहुधा वेगळंच निघतं. एका घाऊक व्यापाऱ्याच्या बिलिंगचं उदाहरण घ्या. उधारीची यादी उघडायला मिनिटभर लागतं, म्हणून त्यांनी नवा कोरा कॉम्प्युटर घेतला होता. यादी तरीही मिनिटभरच घेत होती. टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयू दोन-तीन टक्क्यांवर निवांत. कोड असा होता: आधी सगळी बिलं आणायची, मग लूपमध्ये एकेका बिलासाठी पार्टीचं नाव आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी मारायची. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर चाचणीची वीस बिलं आणि डेटाबेसही त्याच लॅपटॉपवर, त्यामुळे यादी चटकन यायची. इथे डेटाबेस क्लाउडवर, एका फेरीला वीस मिलिसेकंद, बिलं तीन हजार. वीस गुणिले तीन हजार, झालं मिनिट. क्वेरीत एक जॉइन लिहिला आणि तीन हजार फेऱ्यांची एक फेरी झाली. नव्या मशीनला यात करण्यासारखं काही नव्हतंच, ते बिचारं उत्तराची वाट बघत बसलं होतं.

महागडं गेमिंग मशीनही असंच कामी येत नाही. 'जीटीए ऑनलाइन' हा गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने कारण शोधलं. सुमारे दहा एमबीच्या मजकुरातून ६३ हजार नोंदी वाचताना प्रोग्रॅम दर तुकड्याला उरलेल्या मजकुराची लांबी शेवटपर्यंत मोजत होता, आणि नवी नोंद आधी आलेली नाही ना, हे सगळी जुनी यादी चाळून बघत होता. त्याने या दोन्ही गोष्टी सुधारल्यावर वेळ सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला. कंपनीनेही सुधारणा स्वीकारली आणि त्याला बक्षीस दिलं.

"हार्डवेअर स्वस्त, प्रोग्रॅमर महाग" हा हिशेब मला मान्य आहे, पण सर्व्हर आपल्या पैशांचा असेल तोवरच. फोन दुसऱ्याच्या हातातला असतो, त्यातली बॅटरी आणि डेटा पॅकही त्याचाच. तिथे आपण वाचवलेले दोन तास लाखो लोक थोडे थोडे करून भरतात, आणि त्याचं बिल आपल्याकडे कधी येत नाही. संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती की, हार्डवेअर जितक्या वेगाने सुधारतं त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं.

आमच्या टीममध्ये मी चाचणीच्या डेटाबेसमध्ये लाखभर खोटी बिलं भरून ठेवली आहेत आणि नेटवर्कला मुद्दाम उशीर लावलाय. मुलं कुरकुरतात, मला खडूसही म्हणतात. पण स्क्रीन लटकली की मशीनला दोष द्यायच्या आधी वेळ कुठे जातोय ते दाखवणारा प्रोफाइलर निमूटपणे लावतात.