दोघांत उजवा कोण?

मार्क देणे हा माझा गेल्या वीस वर्षांचा धंदा. दोन माणसे शेजारी दिसली, की त्यांतला पहिला कोण नि दुसरा कोण हे ठरविल्याखेरीज मला चैन पडत नाही. ही खोड ठाऊक असल्यामुळेच की काय, व्हँकूव्हरहून दिवाळीला आलेल्या भाच्याने फराळाचे ताट ओढीत मला कोडे घातले.

"मामा, हेन्रिक आणि डॅनियल सेडिन. स्वीडनचे जुळे भाऊ. दोघेही बर्फावरच्या हॉकीतले धंदेवाईक फॉरवर्ड, कायम एकाच संघात. सांगा, उजवा कोण?"

मी वही-पेन्सिल घेतली. हेन्रिक सहा मिनिटांनी थोरला. पण १९९९ साली व्हँकूव्हर कनक्सने दोघांना निवडले तेव्हा डॅनियलचा क्रमांक दुसरा, हेन्रिकचा तिसरा. डॅनियलचे गोल ३९३, हेन्रिकचे २४०.

"डॅनियल!" मी निकाल दिला.

भाचा हसला. म्हणाला, त्या खेळात चेंडू नसतो, रबराची चकती असते. ती गोलात मारणाऱ्याला एक गुण आणि त्याच्यापर्यंत ती पोचविणाऱ्यालाही एकच गुण. पोचविण्याचे हेन्रिकचे गुण ८३०, डॅनियलचे ६४८. मी बेरीज केली : १०७० आणि १०४१.

"मग हेन्रिक!"

"२००९ साली डॅनियल पाय मोडून बसला, तरी त्या मोसमात हेन्रिक ११२ गुणांनी सर्वांत पहिला आला, हे खरं. पण पुढच्याच मोसमात तो मान डॅनियलचा!"

मालकांनी तर हा वाद घातलाच नाही. २००९ च्या करारात प्रत्येकाला पाच वर्षांचे तीन कोटी पाच लाख डॉलर, आई दोन मुलांच्या ताटांत चकल्या मोजून घालते तसे! २०१८ साली दोघे निवृत्त झाले, तेही एकदमच.

भाचा झोपायला गेला. मी मात्र वही घेऊन बसलो. मारणाऱ्याला एक, देणाऱ्यालाही एक. माझ्या मार्कांच्या तक्त्यात देणाऱ्याचा रकानाच नव्हता.

फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात असेच जुळे भाऊ होते. बक्षीस एकच. थोरल्याला दोन मार्क अधिक पडले; पुस्तकावर मी त्याचे नाव घातले. धाकट्याने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजविल्या. संध्याकाळी थोरला पुस्तक घेऊन माझ्या दारात उभा.

"गुरुजी, भूमिती मला ह्यानंच शिकवली. ह्याचं पण नाव घाला ना."

"नियम नियम असतो," मी म्हणालो. तो मान खाली घालून परत गेला.

पुढे थोरल्याच्या लग्नाच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलो. फळीवर ते पुस्तक दिसले. सहज पान उलटले. माझ्या वळणदार अक्षरातल्या नावाखाली, निराळ्या शाईत, पोरवयाच्या वेड्यावाकड्या अक्षरात दुसरे नाव होते. अक्षर मी ओळखले. ते थोरल्याचे होते.

माझी चूक माझ्या विद्यार्थ्याने त्याच वर्षी दुरुस्त केली होती. मला ती समजायला हा फराळ उजाडावा लागला.