दत्ताचे कुत्रे आणि पेढा

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कुत्र्याच्या पोटाविषयी लिहावे, हे संपादकांना कदाचित पसंत पडणार नाही. पण गेल्या दत्तजयंतीला आमच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही अफझलगंजला राहतो. अज्जी मूळची भालकीची. बोलते मराठी, पण राग आला की कन्नडवर येते. दत्ताच्या पायाशी चार कुत्री. भालकीजवळच्या खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबाच, त्याच्याही सोबतीला कुत्रे. तेव्हा नैवेद्याचा पहिला पेढा गल्लीतल्या काळ्याला, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. यंदा बेगमबाजारातून पेढे जरा जास्तच आणले होते. धाकट्याने उरलेले पाव किलो काळ्यालाच चारले. रात्रभर त्याला वांत्या आणि जुलाब. सकाळी त्याला रिक्षात घालून मी पशुवैद्यांकडे नेले. (रिक्षावाल्याने कुत्र्याचेही भाडे घेतले.)

डॉक्टरांनी समजावून सांगितले. पिल्लू आईचे दूध पिते तोवर त्याला दुधातली साखर पचते. दूध सुटले की बहुतेक कुत्र्यांत ती शक्ती कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात आंबते. पेढ्यात तर दूध आटवलेले. पाच लिटरांचा जेमतेम किलोभर खवा. हा हिशेब मला लगेच कळला! वर आणखी साखर. आणि एवढ्या स्निग्ध पदार्थाने स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावरच बेतते. पेढ्याचा कण निरोगी कुत्र्याला सहसा बाधत नाही. मात्र चॉकलेटची बर्फी किंवा बेदाणे घातलेली खीर मुळीच देऊ नये. बेदाण्याने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. 'शुगर-फ्री' मिठाईत झायलिटॉल असेल तर तेही कुत्र्याला विषच.

घरी येऊन हे सांगितले, तर अज्जी कडाडली, "अदु दत्तन नायी!" दत्ताच्या कुत्र्याला दत्ताचा प्रसाद कसा बाधेल? मला उत्तर सुचेना.

काळ्या तीन दिवस पेजेवर होता. तिसऱ्या दिवशी आईच्या ध्यानात आले, की अज्जीही तीन दिवस पेजच घेत होती.

पुढच्या गुरुवारी तिने नैवेद्याच्या पानातला भाकरीचा कोर मोडला आणि मला विचारले, "पेढ्याऐवजी हे चालेल का रे?"

"डॉक्टरांना चालतं, अज्जी."

"मी दत्ताचं विचारते आहे," ती म्हणाली, आणि तो तुकडा घेऊन जिना उतरू लागली.