फळीचे दुसरे टोक

आमच्या घराच्या मागच्या पडवीत, जुन्या खाटेखाली, एक लाकडी पेटी कित्येक वर्षे पडून होती. ती बाबांची हत्यारांची पेटी. बाबा 1994 साली देवाघरी गेले आणि त्यानंतर ती उघडण्याचे कारण घरात कोणालाच पडले नाही. 2020 च्या टाळेबंदीत मिस्सासुद्धा मोबाइलच्या पडद्यावर ऐकावी लागत होती. अशाच एका रिकाम्या दुपारी मी ती पेटी ओढून बाहेर काढली. आत दोन रंधे होते, पाच पटाश्या, एक वाकस, सामता, गुण्या, दोन करवती आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा उरलेला पेन्सिलीचा तुकडा. लोखंडावर गंज चढला होता. एक पटाशी उचलून मी ती खाटेच्या पायावर चालवून पाहिली. ती लाकूड कापीना, नुसती चेंगरू लागली. सुताराचा मुलगा असूनही मला पटाशीला धार लावता येत नाही, हे वयाच्या 67व्या वर्षी, बँकेतून निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर, मला कळून आले.

वसईतल्या आमच्या गावात बाबांना सगळे ओळखत. पहाटेची लोकल पकडून ते मुंबईला एका फर्निचरच्या कारखान्यात जात आणि रविवारी मिस्सा आटोपली की गावातली कामे करीत. कुणाचे कपाट, कुणाचे दार, कुणाच्या घरातल्या आल्ताराची चौकट. मी जवळ घुटमळलो तर हत्याराला हात लावू देत नसत. “तू शीक. हे तुझं काम नाही,” एवढेच म्हणत. लांब फळी कापायची असली की मात्र मला हाक येई. फळीचे दुसरे टोक धरून उभे राहायचे आणि हलायचे नाही, हे माझे काम. मला त्याचा विलक्षण कंटाळा येई. पलीकडच्या वाडीत मुले खेळत असत आणि माझ्या पायावर भुसा पडत असे.

मॅट्रिकच्या परीक्षेचा अर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘फर्निचरचा धंदा’ असे लिहिले. अर्जावर पालकांची सही लागे. बाबांनी तो अर्ज सावकाश वाचला, त्या रकान्यापाशी क्षणभर थांबले, सही केली आणि पुन्हा रंधा हाती घेतला. चर्चमध्ये ज्या संत योसेफापुढे मी मेणबत्ती लावत होतो, तो सुतारच होता. कष्टकरी योसेफाचा 1 मे रोजीचा सण बाराव्या पायस पोपमहोदयांनी 1955 साली सुरू केला. त्या दिवशीचे प्रवचन मी भक्तिभावाने ऐकत असे. वेदीवरचा सुतार मला चालत होता, घरातला चालत नव्हता.

“आजोबा, यू-ट्यूबवर बघा ना, तिथे सगळं शिकवतात,” असे माझी नात म्हणाली आणि तिने मला पॉल सेलर्स नावाच्या इंग्रज सुताराची चित्रफीत लावून दिली. हे गृहस्थ वयाच्या 15व्या वर्षी उमेदवारीला लागले. आता वृद्ध झाले आहेत. मोजक्या हातहत्यारांनी काम कसे करावे, हे ते कोणत्याही घाईशिवाय दाखवतात. पटाशीची पाठ आधी आरशासारखी सपाट करायची, मग दुसरी बाजू सुमारे 30 अंशांत दगडावर घासायची. आधी खरबरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक आणि शेवटी चामड्याची पट्टी. पात्याच्या कडेला मागच्या बाजूने लोखंडाचा बारीकसा कंगोरा बोटाला लागला, म्हणजे धार टोकापर्यंत पोचली असे समजायचे. तीन दिवस मी ते करीत राहिलो. चौथ्या दिवशी बाबांच्या पटाशीने लाकडाच्या आडव्या टोकावरून कागदासारखा पातळ पापुद्रा काढला. मला आनंद झाला, आणि लगेच वाटले की हे तर मागच्या पडवीतच शिकायला मिळाले असते. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाची विद्या मी समुद्रापलीकडच्या परक्या माणसाकडून शिकत होतो.

ही विद्या पूर्वी अशी सहज मिळत नसे. सुतारी हा जगभर गुरूकडून शिष्याकडे जाणारा धंदा. 17व्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जोसेफ मॉक्सन यांनी लोहारकाम आणि सुतारकाम यांच्या पद्धती पुस्तिका काढून छापल्या, तीसुद्धा वेगळीच गोष्ट म्हणायची. अमेरिकेत रॉय अंडरहिल 1979 पासून आणि नॉर्म अब्राम 1989 पासून दूरदर्शनवर सुतारकाम दाखवू लागले. मात्र तेथे बोलावणे यावे लागे. 2005 साली यू-ट्यूब आले आणि ज्याच्याकडे पडवी आहे, करवत आहे आणि एक मोबाइल आहे, अशा कोणालाही आपले काम दाखवता येऊ लागले.

सगळेच दाखवणारे मात्र सारखे नाहीत. ओंडक्यापासून टेबल 12 मिनिटांत, तेही संगीताच्या तालावर! सरस वाळायला रात्र जाते हे त्यात कळत नाही आणि चुकलेला तुकडा कोपऱ्यात कुठे फेकला तेही दिसत नाही. काही जण पाते नीट दिसावे म्हणून यंत्रकरवतीवरचे संरक्षक झाकण काढून ठेवतात. ते पाहून शिकणाऱ्या पोरांच्या बोटांची मला काळजी वाटते.

माझी स्वतःची फजितीही सांगून टाकतो. एका अमेरिकन चित्रफितीवरून मी बाक करायला घेतले. त्यात 2 बाय 4 चे लाकूड सांगितले होते, म्हणून मी वखारीतून बरोबर 2 इंच जाड आणि 4 इंच रुंद असे तुकडे कापून आणले. जोडायला बसलो तर एकही तुकडा खाचेत जाईना. तिकडे 2 बाय 4 म्हणून जे विकतात ते वाळवून आणि रंधून प्रत्यक्षात दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते, हे मला पुढे समजले. चार पायांचे ते बाक आजही अर्धवट अवस्थेत कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटे पडले आहे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मी आंब्याच्या फळ्यांचे एक टेबल केले आणि नातीने त्याचे चित्रण केले. तिने मोबाइल छातीच्या उंचीवर, खिडकीकडे पाठ करून लावला. चेहरा नको, फक्त हात दाखव, असे मी तिला बजावले होते. ती चित्रफीत चाळीसएक जणांनी पाहिली. बहुतेक आमच्याच धर्मग्रामातले आणि आखातात नोकरीला गेलेले नातेवाईक. पुढल्या मार्चमध्ये एका रात्री फाटकन आवाज झाला. सकाळी पाहतो तो टेबलाची वरची फळी टोकापासून वीतभर तडकलेली. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने ओलाव्यात फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. म्हणून वरची फळी चौकटीला सरसाने जखडायची नसते, तिला सरकायला जागा ठेवून लांबट भोकांतून स्क्रू बसवायचे असतात. परदेशी चित्रफितींत हे सांगितलेले असते, पण हिवाळ्यात शेगडीने घरे कोरडी पडतात तेव्हाची गोष्ट म्हणून. आपल्याकडे कुठला तसला हिवाळा, असे म्हणून मी ते सोडून दिले होते. वसईतला ऑगस्ट आणि वसईतला मार्च हे लाकडाच्या दृष्टीने दोन वेगळे मुलूख आहेत, हे मला सुचले नाही.

“आजोबा, आपला व्हिडिओ काढून टाकूया का?” नातीने विचारले. मलाही क्षणभर तेच हवे होते. मग म्हटले, ज्यांनी आपले पाहून तसेच टेबल केले असेल त्यांचेही तडकणार. त्यांना कोण सांगणार? तेव्हा ती तडकलेली फळी उतरवून पुन्हा बसवण्याची दुसरी चित्रफीत आम्ही केली. ती पहिलीपेक्षा पुष्कळ अधिक लोकांनी पाहिली, याचा खरे तर मला थोडा रागच आला.

चित्रीकरणाचे तुकडे जोडत असताना नातीने मला हाक मारली. “हे तुम्ही प्रत्येक वेळी करता. कुणाकडून शिकलात?” पडद्यावर माझे हात होते. करवत लावण्यापूर्वी बोटांच्या सांध्यांनी मी फळीवर दोनदा टकटक केली आणि पुढे वाकलो. मागच्या तुकड्यातही तेच. गेल्या वर्षीच्या पहिल्या चित्रफितीतही तेच. मी असे काही करतो याचा मला पत्ताच नव्हता. सेलर्स असे करीत नाहीत. मी पाहिलेल्या कोणत्याही चित्रफितीत कोणी असे करीत नाही.

बाबा करायचे. मी फळीचे दुसरे टोक धरून उभा असे, बाबा दोनदा टकटक करीत, पुढे वाकून मान डावीकडे किंचित कलती करीत, आणि माझ्या तळहातांत त्या टकटकीचा बारीक कंप उतरे. त्यानंतरच ते “हलू नकोस” म्हणत. पन्नासहून अधिक वर्षांनंतर ती टकटक माझ्या बोटांतून बाहेर आली होती आणि आपलेच हात बाहेरून पाहायला मिळाले नसते तर मला ती कधी दिसलीही नसती.

पण ते ऐकत काय असत? मला ठाऊक नव्हते. मी नुसती त्यांची नक्कल करीत होतो. मग मी ती तडकलेली फळी उचलली आणि तिच्यावर टकटक केली. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. शेजारची धड फळी खणखणीत वाजली. त्या संध्याकाळी पडवीतल्या एकेका फळीपाशी जाऊन मी कान देत राहिलो. पत्नी दोनदा जेवायला बोलावून गेली.

गेल्या पावसाळ्यात वाडीतला जुना फणस पडला. त्याच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळवल्या. कापल्या तेव्हा हळदीसारख्या पिवळ्या होत्या, आता तांबूस होत चालल्या आहेत. त्यातून घरातल्या आल्ताराची चौकट नवी करायला मी घेतली आहे, कारण बाबांनी केलेल्या चौकटीच्या खालच्या पट्टीला वाळवी लागली. जुनीच्या मापानेच नवी करतो आहे. तिचे सांधे उघडून पाहिले, तेव्हा आत, कोणाला कधी दिसू नये अशा जागी, पेन्सिलीच्या सरळ, बारीक रेघा अजून तशाच होत्या. त्यांचे चित्रण नातीने जवळून केले आहे.

पहिली फळी सहा फुटांची. नात मोबाइल लावून तयार होती. मी टकटक केली, करवत लावली आणि लगेच फळीचे लांबचे टोक खाली झुकून पाते अडकू लागले. “सोड तो मोबाइल आणि इकडे ये,” मी म्हणालो. तिने मोबाइल खिशात टाकला आणि पलीकडचे टोक दोन्ही हातांनी धरले. त्यामुळे या चित्रफितीत आधी एक सहा फुटी फळी दिसते आणि एकदम तिचे दोन तुकडे दिसतात.