खांबाभोंवतीं गालिचा

मोकळ्या जमिनीवर गालिचा अंथरणें कोणासही साधतें. परंतु मध्येंच खांब किंवा चौकट आडवी आली, म्हणजे कापणाराची खरी परीक्षा होते. आम्हीं ती परीक्षा गेल्या दिवाळीच्या सुटींत दिली, आणि पहिल्याच खेपेस सपशेल नापास झालों.

आमच्या माजघराच्या मधोमध लांकडी खांब असून त्याच्या बुडाशीं वाटोळा दगडी तळखडा आहे. आजीचे पाय संधिवातानें धरलेले; थंडींत तिला फरशीवर पाऊल टेंकवत नाहीं. म्हणून वडिलांनीं पदरमोड करून गालिचा आणला. हातानें गांठी मारून विणलेला गालिचा कापूं नये, कारण कापलेल्या कडेपासून त्याच्या गांठी सुटूं लागतात. हा मात्र यंत्रावर केलेला, पाठीवर रबराचा लेप असलेला, म्हणून कापण्याजोगा होता.

भूमितींत आपणांस पैकीच्या पैकी गुण मिळतात, या तोऱ्यांत आम्हीं कातर हातीं घेतली. तळखड्याभोंवतीं सुतळी गुंडाळली. परिघ भरला ४४ इंच. त्यास ७ नें गुणून २२ नें भागलें. व्यास आला १४. येथवर सर्व ठीक. परंतु घाईघाईनें त्या व्यासासच त्रिज्या समजून आम्हीं वर्तुळ काढलें आणि कापलें! गालिचा बसवितांच तळखड्याभोंवतीं चोहोंकडे ७ इंच फरशी उघडी पडली. वडील कांहींच बोलले नाहींत. तें न बोलणेंच आम्हांस अधिक झोंबलें.

शेजारचे शिंपीकाका आले. "कापलेला तुकडा ठेवला आहेस ना? मग रडतोस कशाला?" एवढेंच ते म्हणाले. त्यांनीं तो तुकडा लवेची दिशा जुळवून जागच्या जागीं बसविला, व पाठीमागून गोणपाटाची पट्टी चिकटवून सांधा पक्का केला. मग खाकी कागद तळखड्याशीं दाबून नमुना उतरविला, भिंतीकडील कडेपासून एक सरळ चीर दिली, आणि भोंक मुद्दाम रेषेच्या अर्धा इंच आंतच कापलें. "सदऱ्याचा मुंढा आम्ही असाच बेताबेतानें खोल करतों. कमी कापलेलें पुन्हां कापतां येतें, बाळ," असें म्हणत त्यांनीं कडेला बारीक कातरे दिले, तशी ती दगडाच्या गोलाईस वळली. मग ती बोटानें दाबीत, थोडी थोडी छाटीत, त्यांनीं दगडाशीं अगदीं भिडविली.

सायंकाळीं आजी काठी टेंकीत आली. एखादी कड उचललेली राहिली असेल आणि तींत काठी अडकली तर? आम्ही श्वास रोधून पाहात होतों. काठी सांध्यावरून सहज गेली. खांबास टेंकून बसत आजी म्हणाली, "खांब कांहीं हलायचा नाहीं रे, त्याच्या डोक्यावर माळा आहे. गालिच्यानेंच त्याला जागा करून द्यावी."

मित्रहो, तो सांधा निरखून पाहिल्यास अजून दिसतो. पाहुणे आले म्हणजे आरंभीं आम्ही त्यावर पाट ठेवीत असूं. आतां ठेवीत नाहीं. मात्र गणिताच्या वहींत 'व्यास' हा शब्द आला, कीं आमची लेखणी क्षणभर थांबते.