दगड थोडे, पाणी फार

खाऱ्या पाण्याची काचपेटी पाहिली आहे का? लहानपणी चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयात जायचो, तेव्हा मी माशांइतकेच आतले दगड पाहत बसायचो. १९५१ साली सुरू झालेलं हे मत्स्यालय सध्या बंद आहे; पण दगडांचं वेड तिथलंच!

पुष्कळांना वाटतं, दगड जितके जास्त तितका समुद्र खरा. तसं नाही हं! दगडांची भिंत रचली, की मागे पाणी खेळत नाही. उरलेलं खाणं, विष्ठा तिथेच साचून कुजते. मोजकेच सच्छिद्र दगड घेऊन मध्ये कमान, कपार ठेवली, तर पाणीही फिरतं आणि मासेही. आमच्या गिरगावच्या चाळीत आजी म्हणायची, "जागा लहान असली तर सामान कमी ठेवावं रे!" अगदी तस्संच.

या दगडांच्या छिद्रांत सूक्ष्म जिवाणू राहतात. विषारी अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. म्हणजे दगड नुसता शोभेचा नव्हे, सफाई कामगारच की!

मग दगड आणायचा कुठून? ओहोटीला हाजीअली, वरळीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ दिसतात. ते मात्र उचलायचे नाहीत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, प्राणी! २००१ पासून वन्यजीव कायद्यात त्यांना वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे. २०२० मध्ये सागरी किनारा रस्त्यासाठी इथले काही प्रवाळ हलवले, तेही रीतसर परवानगी काढून, शास्त्रज्ञांच्या हातून.

पेटीसाठी कृत्रिम सच्छिद्र दगड चालतात. प्रवाळ पाहायला ओहोटीची वेळ बघा, आईबाबांना सोबत घ्या आणि हात मागे बांधून पाहा!