मुदत ठेवीतलं पिल्लू

मुदत ठेवीच्या खिडकीत माझी वीस वर्षं गेली. ठेव ठेवण्याची अक्कल फक्त माणसालाच सुचली, असं आमच्या ऑफिसात सर्वमान्य मत आहे. ते ऑस्ट्रेलियातल्या टॅमार वॉलबीच्या कानावर गेलं, तर ती पोटावरची पिशवी धरून हसेल.

वॉलबी म्हणजे कांगारूच्या घराण्यातली धाकटी पाती. टॅमार त्यातही बुटकी. वजन पाच-सात किलो. गोडं पाणी मिळालं नाही तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरही भागवू शकते. महिनाअखेर कशी काढावी, हे तिला कुणी शिकवायला नको.

जानेवारीच्या अखेरीस तिला पिल्लू होतं. वजन अर्ध्या ग्रॅमहूनही कमी! ते आंधळं पोर आपलं आपण सरपटत पिशवीत शिरून आचळ पकडतं. आणि काही तासांतच बाईसाहेब पुन्हा गाभण! पण हा दुसरा गर्भ शंभरएक पेशींचा झाला की वाढ बंद. जवळजवळ अकरा महिने तसाच पडून. ही झाली मुदत ठेव. 22 डिसेंबरच्या सुमारास तिकडे वर्षातला सर्वांत मोठा दिवस असतो. त्यानंतर दिवस लहान होऊ लागले की ठेव पिकते आणि महिनाभरात पिल्लू हजर. ना नोटीस, ना नूतनीकरणाचा फॉर्म.

पण ठेव असते कशासाठी? पिशवीतलं पोर जूनच्या आत दगावलं, तर हीच ठेव मुदतीआधी मोडते आणि दुसरं पिल्लू वाढू लागतं. आमच्या खिडकीतही मुदतीआधी पावती मोडायला आलेला माणूस सहसा हसत येत नाही. मी त्याला कारण विचारत नाही.

साऱ्या जातीचंही असंच झालं. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर शेतीपायी झाडी गेली, बाहेरून कोल्हे आले, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथली टॅमार संपली. मात्र सर जॉर्ज ग्रे या गव्हर्नरसाहेबांनी 1870च्या सुमारास काही टॅमार न्यूझीलंडच्या कावाऊ बेटावर नेल्या होत्या. तिथे त्यांची गणना उपद्रवी प्राण्यांत झाली. पुढे तपासात कळलं, की ही तर तीच हरवलेली मंडळी! 2004 पासून त्यांचे वंशज दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इनेस राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी, परक्या शाखेतून, पावतीशिवाय ठेव परत मिळाली! आमच्याकडे असतं, तर आधी सही जुळते का ते पाहिलं असतं.